खडीच्या रस्त्याचा खडबडीतपणा कसा मोजायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडीचे, मुरमाचे रस्ते ज्यांना सांभाळावे लागतात आणि ज्यांना रोज त्यावरून जावं लागतं, अशा दोन्ही बाजूंच्या लोकांकडून हे प्रश्न येत राहतात. म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहितोय. सलग वाचायची गरज नाही, आपल्याला अडलेला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा. दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. खडबडीतपणा मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? खड्डे मोजायचे का?

नाही, खड्डे मोजत नाहीत. गाडीचं चाक ज्या पट्ट्यातून जातं तो पट्टा लांबीच्या दिशेने किती वरखाली होतो आणि त्यामुळे गाडीला किती हादरे बसतात ते मोजतात. खड्डा असो, आडव्या लाटा असोत, वर आलेला दगड असो नाहीतर पाण्याने कापलेली घळ असो, सगळं शेवटी एकाच आकड्यात जमा होतं. हीच त्याची सोय आणि हीच अडचण, कारण आकडा त्रास किती आहे ते सांगतो पण कशामुळे आहे ते सांगत नाही. दोन रस्त्यांचा आकडा अगदी सारखा येऊ शकतो आणि एकाला ग्रेडर (पात्याने रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र) लागतो, दुसऱ्याला आधी पाण्याची वाट काढून द्यावी लागते. म्हणून मोजताना शेजारी बसलेल्या माणसाने डोळ्यांनी बघून कुठे काय दिसलं ते लिहीत जायलाच हवं.

२. सगळे आयआरआय आयआरआय म्हणतात, ते काय असतं?

इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स. पूर्वी प्रत्येक देशाचं यंत्र वेगळं आणि आकडाही वेगळा, त्यामुळे तुलनाच करता येत नव्हती. मग १९८२ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझीलमध्ये ब्राझिलियाजवळ एक मोठा प्रयोग झाला, वेगवेगळी यंत्रं त्याच त्याच रस्त्यांवर चालवून बघितली. त्या रस्त्यांमध्ये डांबरी होते तसे खडीचे आणि मातीचेही होते. त्यातून हा निर्देशांक ठरला आणि १९८६ मध्ये तो मोजायच्या मार्गदर्शक सूचना छापून आल्या.

हिशोब असा. रस्त्याच्या उंचसखलपणाची रेषा कॉम्प्युटरला द्यायची, त्या रेषेवरून एक काल्पनिक पाव गाडी म्हणजे एक चाक, एक स्प्रिंग, एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि वरचं वजन ताशी ८० किलोमीटरने चालवायची, आणि सस्पेन्शन एकूण किती वरखाली झालं त्याची बेरीज करून अंतराने भागायचं. म्हणून एकक मीटर प्रति किलोमीटर. आयआरआय ८ म्हणजे एक किलोमीटर जाताना त्या काल्पनिक गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल एकूण ८ मीटर झाली. शून्य म्हणजे आरशासारखा सपाट, वरची मर्यादा नाही.

३. खडीच्या रस्त्याला किती आकडा आला तर बरा म्हणायचा?

नीट निगा राखलेला कच्चा रस्ता साधारण ३.५ ते १० मध्ये येतो, आणि खराब झालेला ८ पासून २० पर्यंत जातो. हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात ते असू द्या, प्रत्यक्षातही तसंच असतं.

आकड्यापेक्षा वेगावरून पटकन अंदाज येतो. गाडी ७०-८० ला आरामात जाते पण मधूनमधून तीक्ष्ण हादरे जाणवतात, तर साधारण ८ च्या आसपास. पन्नासच्या वर नको वाटतं, तर १२-१४. तीस-चाळीसलाच गाडी धरून ठेवावी लागते, तर १६-१८. आणि वीस-तीसच्या वर गेलं की गाडी मोडेल अशी भीती वाटते, तर २० च्या पुढे. हा अंदाजच आहे, मोजमापाची जागा घेणारा नाही. पण यंत्र १४ सांगतंय आणि तुम्ही ऐंशीने निवांत चाललाय असं झालं तर यंत्र तपासा.

४. डांबरी रस्त्याचे निकष खडीच्या रस्त्याला लावले तर चालतील का?

नको. नवा डांबरी रस्ता १.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो, ती फूटपट्टी लावली तर जगातला जवळजवळ प्रत्येक खडीचा रस्ता नापास होईल आणि दुरुस्तीची यादी बिनकामाची होईल. खडीच्या रस्त्यांची तुलना खडीच्याच रस्त्यांशी करा, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याच रस्त्याच्या आधीच्या आकड्यांशी.

५. मोजायच्या पद्धती कोणत्या, आणि आमच्यासारख्या छोट्या टीमला काय झेपेल?

जागतिक बँकेच्या त्या सूचनांमध्ये चार वर्ग केलेत. पहिल्या वर्गात रस्त्याची रेषा अगदी अचूक घेतात, उदाहरणार्थ लेव्हल मशीन (उंची वाचायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी). चाकाच्या पट्ट्यात दर २५० मिलिमीटरला एक वाचन, म्हणजे २०० मीटरला ८०० वाचनं, आणि तेही एकाच पट्ट्याची. अचूक आहे पण सगळा रस्ता असा मोजायला गेलात तर आयुष्य जाईल. दुसऱ्या वर्गात रेषाच घेतात पण थोड्या कमी अचूकपणे, बरेचसे गाडीवर बसवलेले प्रोफाइलर यात येतात. तिसऱ्यात रेषा नसतेच, गाडीला बसणारे हादरे मोजून ते आयआरआयशी जुळवून घेतलेले असतात (प्रश्न १३ बघा), बंप इंटिग्रेटर (चाकाच्या वरखाली हालचालीची बेरीज करणारं यंत्र) आणि नीट जुळवून घेतलेलं मोबाईल अ‍ॅप हे यातलं. चौथा वर्ग म्हणजे बघून, बसून अंदाज, किंवा न जुळवलेलं यंत्र.

छोट्या टीमसाठी माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या कामाला तिसरा वर्ग, आणि तो खरा बोलतोय ना हे तपासायला दोन-चार तुकडे लेव्हलने किंवा मर्लिनने (प्रश्न ६ बघा) मोजलेले. महागडं यंत्र एकदा भाड्याने आणून एकदाच मोजण्यापेक्षा साधं यंत्र वर्षातून अनेकदा फिरवलेलं खडीच्या रस्त्यावर जास्त उपयोगी पडतं, कारण हा रस्ता फार लवकर बदलतो (प्रश्न १० बघा).

६. मर्लिन म्हणजे काय? घरच्या घरी बनवता येतं का?

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग येत असेल तर येतं, त्यासाठीच ते डिझाइन झालंय. ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट अँड रोड रिसर्च लॅबोरेटरीने स्वस्तात मोजणी व्हावी म्हणून ते तयार केलं. लांब चौकट, पुढे सायकलचं चाक, मागे टेकवायचा पाय, दोघांत १.८ मीटर अंतर. बरोबर मध्ये एक टोक रस्त्याला टेकतं आणि ते एका हलत्या दांड्याला जोडलेलं असतं, दांड्याचं दुसरं टोक हातापाशी लावलेल्या कागदी तक्त्यावर फिरतं. टोक १ मिलिमीटर हललं की तक्त्यावर काटा १० मिलिमीटर हलतो.

वापरायचं असं. चाकाच्या रिमवर खूण करा, चाकाचा एक फेरा झाला की थांबा, मागचा पाय टेकवा, काटा जिथे आहे तिथे तक्त्यावर फुली मारा. परत उचला, परत एक फेरा. अशा २०० फुल्या, म्हणजे साधारण ४०० मीटर. तक्त्यावर फुल्यांचा डोंगर तयार होतो. आता डाव्या टोकाकडून १० आणि उजव्या टोकाकडून १० फुल्या सोडून द्या आणि मधल्या १८० फुल्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, तो डी. मग आयआरआय = ०.५९३ + ०.०४७१ × डी. समजा डी आला १५० मिलिमीटर, तर ०.०४७१ × १५० म्हणजे ७.०६५, अधिक ०.५९३, झाले साधारण ७.७. हे सूत्र डी ४२ ते ३१२ मध्ये असताना वापरायचं.

फुल्या मारताना माणसाचा एक मोह असतो, टोक नेमकं दगडावर टेकलं की जरा सरकवून घ्यावंसं वाटतं. सरकवू नका. तो दगड चाकालाही लागणारच आहे. आणि रस्त्यावर आडव्या लाटा असतील तर प्रश्न ११ वाचल्याशिवाय मर्लिनवर विसंबू नका.

७. मोबाईल अ‍ॅपने मोजलं तर लोक हसतील का?

का हसावं? रोडरॉइड, रोडलॅब प्रो अशी अ‍ॅप त्यासाठीच आहेत, फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर हादरे टिपतो आणि जीपीएस जागा टिपतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, फोन रस्ता मोजत नाही, तो तुमची गाडी काय सहन करतेय ते मोजतो. टायर, हवा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गाडीतली माणसं, फोनचा स्टँड, सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून तीच गाडी, तोच स्टँड, तेवढीच हवा, तेवढंच वजन. फोन हातात, मांडीवर किंवा सीटवर ठेवून घेतलेली मोजणी सरळ टाकून द्या.

जागेचंही बघा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते आणि जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगत असेल तर खड्डा नकाशावर दहा-पंधरा मीटर मागेपुढे दिसणारच. १०० मीटरच्या तुकड्याला त्याने फारसं बिघडत नाही, एकच खड्डा शोधायला जाल तर बिघडतं.

८. खडीच्या रस्त्यावर एकाच वेगाने गाडी चालतच नाही, मग काय करायचं?

हा खरा अडचणीचा प्रश्न आहे, कारण हादरे मोजणारी यंत्रं वेगाप्रमाणे वेगळा आकडा देतात आणि खडीच्या रस्त्यावर वळण, चढ, समोरून गाडी, गुरं, काहीही आडवं येतं. आधी रस्ता बघून एक असा वेग ठरवा की जो बहुतेक सगळ्या लांबीवर झेपेल, मग त्याच वेगासाठी यंत्र जुळवून घ्या. दोन वेग लागत असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं जुळवा. प्रत्येक तुकड्याचा प्रत्यक्ष वेग आकड्याशेजारी साठवा, आणि जिथे वेग फारच घसरला किंवा जोरात ब्रेक लागला तो तुकडा गाळा नाहीतर परत मोजा. ठरलेला वेग गाठायचा म्हणून खराब वळणावर गाडी दामटू नका, त्या आकड्यासाठी कुणी जखमी होणं अजिबात परवडणारं नाही.

९. रस्त्याच्या कुठल्या भागातून गाडी न्यायची? आणि खड्डा दिसला तर चुकवायचा की त्यातून जायचं?

रोजचे लोक जिथून जातात तिथून. डांबरी रस्त्यावर लेन आखलेली असते, खडीच्या रस्त्यावर चाकोऱ्या लोकांनी पाडलेल्या असतात आणि अरुंद रस्त्यावर बऱ्याचदा तीनच असतात, मधली दोन्ही दिशांच्या गाड्या वापरतात. अर्धा मीटर इकडेतिकडे झालात तरी आकडा बदलतो, आणि एकाच रस्त्यावर दोन फेऱ्यांत फरक पडतो त्याचं सगळ्यात मोठं कारण यंत्र नसून हेच असतं.

खड्ड्याचं म्हणाल तर नियम आधी ठरवा आणि लिहून ठेवा. मी सांगेन की सगळे ड्रायव्हर जो खड्डा सहज चुकवतात तो तुम्हीही चुकवा आणि त्याची वेगळी नोंद करा, पण मोजणी चांगली यावी म्हणून मुद्दाम नागमोडी जाऊ नका. रस्त्याची पूर्ण रुंदी खड्ड्यांनी भरली असेल तर चुकवायला जागाच नसते, तेव्हा सरळ जा, हळू जावं लागलं तर तेही लिहा. दोन्ही दिशांनी मोजा आणि दोन्ही आकडे वेगळे ठेवा, चढाची बाजू आणि उताराची बाजू बऱ्याचदा वेगवेगळी खराब झालेली असते.

१०. वर्षातून कधी मोजायचं?

एकदाच मोजून चालणार असतं तर हा प्रश्नच आला नसता. ग्रेडर फिरवल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरचा आकडा हे जणू दोन वेगळ्या रस्त्यांचे वाटतात. पावसात खड्डे आणि चाकोऱ्या वाढतात, कोरड्या दिवसांत बारीक माल धूळ होऊन उडून जातो, वर सुटी खडी राहते आणि आडव्या लाटा धरायला लागतात. त्यामुळे तारखेबरोबर तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: शेवटचा ग्रेडर कधी फिरला, शेवटचा पाऊस कधी झाला, आणि पृष्ठभाग ओला होता की कोरडा. या तीन नसतील तर आकडा कितीही अचूक असला तरी पुढच्या वर्षी तो कुणाच्या काही कामाचा नाही.

जमलं तर ग्रेडरच्या लगेच आधी मोजा, नंतर थोडी वाहतूक बसल्यावर मोजा, आणि मध्ये एक-दोनदा. यातून रस्ता किती वेगाने बिघडतो ते कळतं आणि ग्रेडर किती दिवसांनी आणायचा हे त्यावरच ठरवता येतं.

११. आमच्या रस्त्यावर आडव्या लाटा आहेत, दात खिळखिळे होतात, तरी आकडा म्हणावा तितका वाईट येत नाही. यंत्र खोटं बोलतंय का?

खोटं बोलत नाही, पण त्याला त्या लाटा नीट ऐकूच येत नाहीत. पन्हाळी पत्र्यासारख्या या लाटांची लांबी साधारण अर्धा ते एक मीटर असते. आयआरआयची काल्पनिक गाडी ८० ने पळते आणि साधारण १.३ ते ३० मीटर लांबीच्या चढउतारांना दाद देते, सगळ्यात जास्त २.४ मीटर आणि १५ मीटरच्या आसपास. त्याहून छोट्या लाटांचं वजन त्या हिशोबात कमी पडतं.

तुम्ही मात्र ८० ने जात नाही. तुम्ही ४० ने जाता, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि लाट एक मीटरची असेल तर चाकाला सेकंदाला ११ दणके. गाडीच्या चाक-अ‍ॅक्सलची स्वतःची उडायची लय सेकंदाला साधारण १० ते १२ असते, म्हणजे दणका नेमका लयीत बसतो आणि सगळी गाडी थरथरते. वेग वाढवला की बरं वाटतं कारण चाक माथ्यांवरून तरंगत जातं, पण तेव्हा रस्त्यावरची पकड गेलेली असते आणि वळणावर गाडी बाजूला फेकली जाते. "जोरात गेलं की हादरे कमी" हा सल्ला म्हणून कुणाला देऊ नका.

मर्लिनची गंमत अजून वेगळी आहे. लाट बरोबर ०.९ मीटरची असेल तर चाक, टोक आणि मागचा पाय तिन्ही लाटेच्या एकाच जागी टेकतात, सगळे माथ्यावर किंवा सगळे खळग्यात, आणि काटा जवळजवळ हलतच नाही. उलट लाट ०.६ मीटरची असेल तर तो दुप्पट हलतो. लेव्हलने दर ५०० मिलिमीटरला वाचन घेतलं तरी अर्ध्या मीटरची लाट हातातून निसटते.

मग करायचं काय, तर लाटा वेगळ्या मोजायच्या. सरळ पट्टी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने लाटांवर टाका, माथ्यापासून खळग्यापर्यंत खोली मोजा, दोन माथ्यांमधलं अंतर मोजा, आणि किती लांबीवर आहेत ते लिहा. खोली बरीच असेल तर त्या लाटा जबर समजा, मग आयआरआय काहीही येवो.

१२. लेझर प्रोफाइलर आणला तर हे सगळे प्रश्न सुटतील ना?

काही सुटतील, काही नवे येतील. एकाच ठिपक्याचा लेझर खडीच्या फटीत शिरतो आणि त्याला प्रत्येक फट खड्डा वाटते, रुंद रेषेचा लेझर त्या मानाने बरा. पुढच्या गाडीचा धुरळा मध्ये आला की वाचनं बिघडतात, ओल्या चिखलाने काच माखते. शिवाय ही यंत्रं गाडीची वरखाली हालचाल अ‍ॅक्सेलरोमीटरने वजा करतात, ते फार हळू चालताना किंवा थांबत-निघत जाताना नीट होत नाही, आणि खडीच्या रस्त्यावर नेमकं तेच होतं. लांबच लांब, मोकळ्या, नीट राखलेल्या रस्त्यांना उत्तम, घाटातल्या मोडक्या रस्त्याला पैसे घालण्याआधी ट्रायल मागा.

१३. यंत्र जुळवून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वेगवेगळ्या प्रतीचे काही तुकडे निवडा, किमान २०० मीटर लांब, सरळ, पूर्ण लांबीत सारखेच खराब. चांगला, मध्यम, वाईट, सगळे हवेत, नाहीतर यंत्र फक्त चांगल्या रस्त्यावर खरं बोलेल. लेव्हलने किंवा मर्लिनने त्यांचा आयआरआय काढा आणि त्याच दिवसांत, मध्ये पाऊस किंवा ग्रेडर येऊ न देता, गाडी ठरलेल्या वेगाने अनेकदा फिरवा. गाडी आधी थोडी चालवून शॉक अ‍ॅब्सॉर्बर गरम होऊ द्या, थंड असताना ते वेगळे वागतात. मग गाडीचे आकडे आणि खरे आकडे आलेखावर मांडून रेषा काढा. टायर बदलले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले, फोन बदलला, की हे परत करायचं.

१४. बंप इंटिग्रेटरचे जुने आकडे पडून आहेत, ते आयआरआयमध्ये बदलता येतील का?

येतील, अंदाजे. नेहमीचं सूत्र असं, की ताशी ३२ किलोमीटरला घेतलेला मिलिमीटर प्रति किलोमीटरमधला आकडा = ६३० × आयआरआयचा १.१२ वा घात. आयआरआय ४ ला साधारण २,९८० येतात आणि ८ ला साधारण ६,४७०, म्हणजे दुप्पटीला दुप्पट होत नाही, त्यामुळे नुसतं भागून मोकळे होऊ नका. तुमचं यंत्र तेव्हा जुळवलेलं नसेल तर सूत्र कितीही बरोबर असलं तरी उत्तर कच्चंच राहणार.

१५. सरासरी किती लांबीची घ्यायची?

१०० मीटर. किलोमीटरची सरासरी घेतली की वाहून गेलेले ५० मीटर बाकीच्या बऱ्या ९५० मध्ये गडप होतात आणि अ‍ॅम्ब्युलन्स नेमकी त्याच ५० मीटरमध्ये अडकते. वरच्या कार्यालयाला किलोमीटरचा आकडा हवा असेल तर द्या, पण त्याच्या शेजारी त्या किलोमीटरमधला सगळ्यात वाईट १०० मीटरचा आकडाही द्या.

१६. ग्रेडर फिरवला, आकडा खाली आला, काही दिवसांत परत होता तिथेच. मोजणी चुकली का?

बहुधा मोजणी बरोबर आहे आणि ग्रेडरचं काम वरवरचं झालंय. लाटांचे माथे खरवडून माल खळग्यांत ढकलला की दिसायला सपाट दिसतं, पण खालचा टणक आकार तसाच राहतो आणि वरचा सुटा माल वाहतुकीने उडून गेला की लाटा परत डोकं काढतात. खळग्याच्या तळापर्यंत कापायला हवं, मालात ओल हवी, आणि शक्य असेल तर लगेच रोलिंग. मोठे दगड जास्त असतील किंवा बारीक चिकट माल उरलाच नसेल तर ग्रेडर कितीही फिरवा, आकडा एका मर्यादेखाली जात नाही. अशा ठिकाणी दोन ग्रेडिंगनंतरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा, ग्रेडिंगनंतरचा आकडाच दरवेळी वर सरकत चालला असेल तर तो रस्ता नवीन माल मागतोय.

१७. आकडा चांगला आला, मग रस्ता चांगला आहे असं लिहून देऊ का?

नाही. खडबडीतपणाला चार महत्त्वाच्या गोष्टी दिसत नाहीत. खडीचा थर किती उरलाय ते दिसत नाही, रस्ता गुळगुळीत असून खाली माती लागत असेल तर पहिल्या मोठ्या पावसात संपला. आडवा उतार दिसत नाही, मधोमध उंची राहिली नसेल, साधारण ४ ते ६ टक्के उतार नसेल, तर पाणी रस्त्यावरच थांबणार. बाजूचे चर बुजलेत का ते दिसत नाही. आणि धूळ, सुटी खडी यांचा धोका दिसत नाही.

म्हणून बघून करायच्या पद्धती सोबत ठेवा. विस्कॉन्सिनची पेसर पद्धत खडीच्या रस्त्याला १ ते ५ गुण देते आणि आडवा उतार, पाण्याचा निचरा, खडीचा थर यांना त्यात मोठं स्थान आहे. अमेरिकन लष्कराच्या पद्धतीत सात दोष बघतात: बिघडलेला आडवा छेद, अपुरा निचरा, लाटा, धूळ, खड्डे, चाकोऱ्या, सुटी खडी. यातले निचरा आणि धूळ कुठल्याच अ‍ॅक्सेलरोमीटरला सापडणार नाहीत, त्यासाठी गाडीतून उतरून चराच्या काठाने चालावं लागतं.

१८. मागच्या वेळी ९ आला, या वेळी १० आला. रस्ता बिघडला असं म्हणायचं का?

एवढ्यावर नाही. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर तुम्ही लागोपाठ फेऱ्या मारल्या तर आकडे आपसांत किती हलतात ते आधी काढा, फरक तेवढ्यातलाच असेल तर गप्प बसा. त्याहून जास्त असेल तर चाकाचा पट्टा (प्रश्न ९) आणि ओल-ग्रेडर (प्रश्न १०) तपासा. तरीही फरक उरला आणि पुढच्या मोजणीत तो त्याच दिशेने वाढला, तर मात्र वाट बघू नका, कामाच्या यादीत तो तुकडा वर घ्या.